पाटीवरचं ‘किंवा’

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर पूर्ण, धंदा कवळ्या बनवणे (आता बंद), या गल्लीत जिला लहानथोर सगळे दातवाल्या मावशी म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. काळजी आहे, पण ती जन्मापासूनची आहे, आणि वकीलबाई म्हणतात की काळजीला कायद्यात दडपण धरत नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. तीनचार वेळा केलं की पुरे, असं ते म्हणत होते, पण मी दोन उरेपर्यंत थांबले नाही.

याआधी मी मार्च महिन्यात एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. त्याच्या तिन्ही प्रती मी स्वतः फाडल्या आहेत, तरी चुकून एखादी झेरॉक्स कुठून निघालीच तर ती खरी धरू नये. मार्चचं मृत्युपत्र का बदललं ते पाचव्या कलमापासून पुढे येईल. वकीलबाई म्हणाल्या, “मावशी, मृत्युपत्रात कोणाला काय ते लिहायचं. का ते लिहायची गरज नसते.” मी म्हटलं, का ते लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही. त्या म्हणाल्या, “मग लिहा.”

कलम १. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची काम करायची खोली. हे घर माझ्या आणि ह्यांच्या कष्टाचं आहे. ते मुलगा आणि लेक यांना निम्मं-निम्मं. विकायचं असेल तर विका, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तेव्हा मी नसेन. विकेपर्यंत मात्र गॅसचा कॉक रोज बघत जा. तो बंद झाल्यासारखा वाटतो आणि झालेला नसतो. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी वर उचलून मग ओढायची. जोर केला तर काच निखळते, एकदा निखळली आहे.

कलम २. बँकेत आहे ते दोघांत सारखं. पासबुक लेकीकडे आहे. यात सांगण्यासारखं काही नाही.

कलम ३. हत्यारं. पॉलिशचं चाक, मेणाच्या सुऱ्या, जबडे बसवून चावा तपासायची तिन्ही यंत्रं, दातांच्या रंगांच्या पट्ट्या. हे सगळं माझ्या जुन्या जोडीदाराला, ज्याला कवळ्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही मेणबाबा म्हणत असू. सव्वीस वर्षं आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसलो. तो मेणात हिरड्या कोरायचा, मी दात बसवायचे. त्याचा हात आता थरथरतो, त्याला काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी त्यालाच. लहान सुरीची मूठ मी बदलली आहे, त्याने त्यावरून बोलू नये.

कलम ४. माझे थोरले दीर. लग्नात ते म्हणाले होते की मुलगी दिसायला बरी आहे पण सारखी घाबरलेली दिसते. त्यांची वरची-खालची अशी पूर्ण कवळी माझ्या हातची आहे. ती खडखडते असं ते चारचौघांत सांगतात. ती खडखडत नाही, ते जेवताना बोलतात. त्यांना मी वेगळं काही ठेवत नाही. कवळी त्यांनी ठेवावी.

कलम ५. आता आठवडा.

तळ्याकाठच्या गावात एक सुट्टीगृह आहे. त्यातल्या पंचवीस नंबरच्या खोलीचा वर्षातला अडतिसावा आठवडा माझ्या नावावर आहे. याला टाइमशेअर म्हणतात. एकवीस वर्षांपूर्वी एका हॉटेलात फुकटचं जेवण आहे असं पत्र आलं, म्हणून आम्ही दोघं गेलो, आणि जेवून उठेपर्यंत ह्यांनी सही केलेली होती. मी रस्त्यात विचारलं, बावन्न जणांनी मिळून एक खोली घ्यायची, मग ती आपली कशी? हे म्हणाले, “सात दिवस आपलीच. वर्षाचे उरलेले दिवस भाडेकरू ठेवलेत असं समज.” त्या बाकीच्या एकावन्न मालकांपैकी एकालाही मी आजवर पाहिलेलं नाही. फक्त दर वर्षी चहाची किटली वेगळ्या कपाटात सापडायची.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. लहानपणी भाड्याच्या घरांतून इतक्या वेळा निघाले होते की शाळेचे दाखलेच सात होते. त्यामुळे मालक हा शब्द त्यांना फार गोड लागायचा. आणि त्याहून गोड एक शब्द त्यांना त्या गावात सापडला, तो म्हणजे स्थानिक.

सुट्टीगृह तळ्याच्या पलीकडे, बाजार आणि औषधाचं दुकान अलीकडे. मधे लाँच. धक्क्यावर दोन रांगा असत. पाहुण्यांची लांबलचक, उन्हात. स्थानिकांची छोटी, पत्र्याखाली, आणि तिकीट निम्म्यात. मध्ये एक निळी पाटी. पहिल्याच वर्षी हे पाटीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली आणि सरळ सावलीतल्या रांगेत जाऊन उभे. मी आपली उन्हातच थांबले.

खिडकीवर एक बाई होत्या. समोरच्या दोन दातांत फट, ती मला लांबूनही दिसली, धंद्याची सवय. ह्यांनी सगळं खरं सांगितलं. आम्ही इथे राहत नाही, पण सुट्टीगृहात आमचा आठवडा आहे, हे त्याचे कागद. बाईंनी कागद वाचले. मागची बाजूही वाचली. मग खिडकी लावून बाहेर आल्या, ह्यांना घेऊन पाटीपाशी गेल्या आणि मोठ्याने वाचलं: “गावात मालमत्ता असणारे किंवा गावात राहणारे.” मग म्हणाल्या, “राहणारे तुम्ही नाही. पण मालमत्ता आहे, बावन्नातला एक हिस्सा का असेना. पाटीवर ‘किंवा’ आहे. तेव्हा पास देते, पण तुमच्या आठवड्यापुरता. बाकीच्या दिवशी आलात तर पाहुण्यांच्या रांगेत.”

“अगदी बरोबर,” हे म्हणाले. आणि मला हाक मारली, “ये सावलीत. आपण स्थानिक आहोत.”

चौदा वर्षं असं चाललं. दर वर्षी बाई स्वतःच्या हाताने पासावर आठवड्याच्या तारखा घालायच्या. मी दर वर्षी लाँचवर बसले की पर्स घट्ट धरून बसायचे, कोणी विचारेल म्हणून. हे म्हणायचे, “काळजी करायचा तुला वेगळा पगार मिळतो का?” कोणी कधी विचारलं नाही.

मग एका हिवाळ्यात हे गेले. सप्टेंबरात मी एकटीच गेले, कारण आठवडा होता आणि फी भरलेली होती, आणि घरात बसवत नव्हतं. बाईंनी पास देताना विचारलं, “साहेब?” मी मान हलवली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. मागे रांग होती, तरी त्यांनी तो लगेच काढला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

कलम ६. त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, लाँचवर नवा तपासनीस आला. खालचे दात झिजून सपाट झालेले, झोपेत दात खाणारा माणूस. त्याने पास उलटसुलट केला आणि विचारलं, “विजेचं बिल आहे का इथलं?”

मी म्हटलं नाही.

“मग स्थानिक कशा?”

मी म्हटलं, आमचा आठवडा आहे. तो हसला नाही. लाँच लागल्यावर मला तिकीटघरात घेऊन गेला, बाईंनाही आत बोलावलं. एक टेबल, दोन खुर्च्या, बाई उभ्याच. त्याने एक कागद लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यात होतं की आम्ही गावात राहत नाही हे आम्ही खिडकीवर सांगितलं होतं, आणि तरीही आम्हाला पास देण्यात आला.

“यात खोटं काही आहे का?” त्याने विचारलं.

नव्हतं. मी तो कागद चार वेळा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता.

बाई म्हणाल्या, “ताई, पाटीचं सांगा ना यांना. मी साहेबांना वाचून दाखवली होती, तुम्ही होतात.”

तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं. “सही केलीत तर तुमचं इथेच मिटतं. पाटीबिटीचं काढलं तर मग चौदा वर्षांचे सगळे पास काढावे लागतील, तुमच्या मिस्टरांचे पण. बोला, पाटीचं काही आठवतं?”

मी मेलेल्या माणसाचं नाव फसवणुकीच्या कागदावर आलेलं डोळ्यांपुढे पाहिलं. खरं सांगायचं तर तेही नंतर सुचलेलं कारण असेल. त्या क्षणी मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

मी म्हटलं, “मला पाटीचं आठवत नाही.” आणि सही केली.

मी निघाले तेव्हा त्या खिडकीवर परत जाऊन बसल्या होत्या आणि सुटे मोजत होत्या. शनिवारी मी दोन दिवस आधीच परतले. धक्क्यावरची पाटी काढून नेलेली होती, नुसते दोन खांब होते. महिन्याभराने सुट्टीगृहात फोन केला तेव्हा स्वागतावरची मुलगी सहज बोलून गेली की आता पाटी नवी लागली आहे, त्यावर ‘मालमत्ता असणारे व राहणारे’ असं आहे, म्हणजे दोन्ही असलं तरच. नियमाच्या पुस्तकात पहिल्यापासून ‘व’च होतं, रंगाऱ्याने चुकून ‘किंवा’ रंगवलं असावं, असं ऑफिसचं म्हणणं. “आणि त्या खिडकीवरच्या बाई?” मी विचारलं. “त्यांना काढलं ना,” ती म्हणाली. “पेन्शनला तीन वर्षं राहिली होती.”

त्यानंतर सहा वर्षं मी गेले नाही. फी भरत राहिले आणि गेले नाही.

कलम ७. वकीलबाई सोडल्या तर ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, लेकीलाही नाही. तिने इथे पहिल्यांदा वाचली तर तिने रागवावं, तिचा हक्क आहे.

त्या प्रकारानंतर वर्षभराने मी ह्यांचा फोटो मोठा करून घ्यायला गेले. ह्यांचा हसरा असा एकच फोटो होता, आमच्या शेवटच्या एकत्र सुट्टीतला, धक्क्यावरचा. फोटोवाल्याने तो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाला, “मावशी, मागे ही निळी पाटी येतेय. ठेवू का काढू?”

मी पाहिलं. ह्यांच्या खांद्याच्या वर, स्वच्छ, ‘असणारे किंवा’. खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख.

म्हणजे पुरावा होता. बाईंनी मनाचा कारभार केला नव्हता, पाटी जशी होती तशी वाचली होती, एवढं सांगणारा एक कागद जगात होता आणि तो माझ्याकडे होता. तो पाठवायचा तर सोबत लिहावं लागणार, की मला पाटी आठवत होती.

मी म्हटलं, “काढा पाटी.”

बाहेरच्या खोलीत लावलेला फोटो तो आहे. त्यात ह्यांच्या मागे नुसतं तळं दिसतं. मूळ फोटो मी दातांच्या रंगांच्या पट्ट्यांच्या खोक्यात तळाला ठेवला. पाच वर्षं तो तिथे होता, आणि पाच वर्षं मी ते खोकं उघडताना दुसरीकडे बघत होते.

कलम ८. मार्चमध्ये वकीलबाईंनी आठवड्याचे कागद मागितले. त्यांनी ते नीट वाचले तेव्हा मी विचारलं, कायद्याने आम्ही तिथले स्थानिक होतो की नव्हतो?

त्या म्हणाल्या, “टाइमशेअर दोन तऱ्हेचं असतं. एकात फक्त वापरायचा हक्क मिळतो, दुसऱ्यात खरोखर मालकीचा हिस्सा. तुमचा हिस्सा आहे. म्हणजे मालक तुम्ही आहात.”

“आणि रहिवासी?”

“ते नाही. मालकी कागदाने येते, रहिवास राहण्याने. सात दिवस सुट्टीला गेलं म्हणजे कोणी रहिवासी होत नाही. बहुतेक ठिकाणी सवलत रहिवाशालाच असते, कायमचा पत्ता मागतात. पण शेवटी ज्याने सवलत ठेवली त्याने काय शब्द लिहिले त्यावर आहे. मालक किंवा रहिवासी लिहिलं असेल तर तुम्ही बसता. मालक व रहिवासी असेल तर नाही. का हो?”

मग मी त्यांना फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हटलं, असं लिहा की माझ्या पश्चात हा फोटो आणि माझा कबुलीजबाब तिकीटवाल्या बाईंना पोचवावा, आणि आठवडाही त्यांनाच द्यावा. वकीलबाईंनी तसं लिहिलं. सही झाल्यावर पेनाला टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, “बाईंचं वय काय असेल?”

“साठीच्या पुढे. माझ्याहून आठनऊ वर्षांनी लहान.”

“आणि तुमची तब्येत तर बरी आहे,” त्या म्हणाल्या. “अजून पंधरा वर्षं जगलात तर?”

त्या तेवढंच म्हणाल्या. मी घरी आले. चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तिन्ही प्रती फाडल्या आणि तळ्याकाठच्या गावाची गाडी पकडली.

कलम ९. धक्क्यावर खिडकीत आता यंत्र आहे. मी पाहुण्यांचं तिकीट काढलं. बाईंचा पत्ता मला ठाऊक नव्हता, म्हणून सुट्टीगृहात चौकशी केली. स्वागतावरची मुलगी म्हणाली, “त्या इथेच आहेत की. मागे, धुलाईत.”

मला परत फिरावंसं वाटलं. पाय मागच्या खोलीकडे गेले ते कसे कोण जाणे. लांब खोली, वाफ, इस्त्रीची दोन टेबलं. त्या एकट्याच होत्या. मला पाहिलं आणि ओळखलं, पण इस्त्री थांबवली नाही.

“आज तुमचा आठवडा नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. तुमच्याकडेच आले.”

“मग ही टोकं धरा. एकटीला ह्या डबल चादरी आवरत नाहीत.”

मी टोकं धरली. आम्ही चादर ताणली, घडी केली, जवळ आलो, पुन्हा लांब गेलो. तिसऱ्या चादरीला मी म्हटलं, “मला पाटी आठवत होती. त्या दिवशीही आठवत होती.” आणि पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. फोटो हातात घेऊन दिव्याखाली गेल्या.

“हा मीच काढलाय,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणाले, हिला कॅमेरा धरता येत नाही, डोकं कापते. मी साफ विसरले होते.” मग खुर्चीवर बसल्या. “सहा वर्षं मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं, ‘व’च होतं, पहिल्यापासून. इतकं सांगितलं की मलाही ‘व’ दिसायला लागला. घरातून निघताना कुलूप बघायचे आणि वाटायचं, लागलंय ना, की मला तसं दिसतंय. आधी मी अशी नव्हते.”

मी जन्मापासून तशी आहे. दुसऱ्या कोणाला मी तसं करून ठेवीन असं मला कधी वाटलं नव्हतं. हे मी त्यांना बोलले नाही, इथे लिहिते.

मी म्हटलं, “माझा आठवडा तुम्हाला देते. कागद करू.”

“काय करू त्याचं? मी इथेच राहते.” त्या उठून पुन्हा इस्त्री लावायला लागल्या. “आणि तसाही तो मी घेतलाच होता. सहा वर्षं सप्टेंबरात पंचवीस नंबर रिकामी असायची. चादरी बदलायला जायचे आणि जेवणाचा डबा तिथेच बाल्कनीत खायचे, सातही दिवस. म्हटलं, ही बाई येत नाही तोवर बसू. तक्रार करायची तर करा.”

मी म्हटलं, करणार नाही.

“फोटो ठेवून घेते. अर्ज करते. बोलावलं तर याल?”

“येईन.”

“मागच्या वेळेसारखं नको.”

कलम १०. मे महिन्यात लाँचच्या ऑफिसात सुनावणी झाली. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले, गाडी चुकेल म्हणून. तीन अधिकारी होते. तपासनीस निवृत्त झाला होता, तो आला नाही. मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुम्ही या गावच्या रहिवासी होता का?”

“नाही.”

“मग सवलतीचा पास का घेतला?”

मी बोलायचं ते पाठ केलं होतं आणि सगळं विसरले. म्हटलं, “आम्ही मालक होतो. पाटीवर किंवा होतं. या बाईंनी ते वाचलं आणि जेवढं बसत होतं तेवढंच दिलं, सात दिवसांचं. आठव्या दिवशी यांनी आम्हाला उन्हात उभं केलं असतं. तेव्हा मी म्हटलं होतं की मला आठवत नाही. ते खोटं होतं.”

“तुम्ही खोटा जबाब दिलात हे लिहून घेऊ?”

“घ्या,” मी म्हटलं, आणि सही केली.

ऑगस्टमध्ये निकाल आला. लावलेल्या पाटीप्रमाणे काम केलं त्यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. काढून टाकल्याचा शेरा रद्द. पेन्शन पूर्ण नोकरी धरून, मागल्या तारखेपासून. दिलगिरीचा एक शब्दही त्यात नव्हता. नोकरी परत मिळायचं बाईंचं वय राहिलेलं नव्हतं. माझ्याविषयी एक ओळ होती: सदर महिलेस यापुढे कोणत्याही प्रकारची सवलत देण्यात येऊ नये. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. माझ्या पश्चात कोणी त्याविरुद्ध अर्ज करू नये.

कलम ११. तर आठवडा. मुलगा म्हणतो नको. लेक म्हणते, “आई, ते फीचं लोढणं आमच्या गळ्यात घालू नकोस.” सून काही म्हणत नाही, पण तिचा चेहरा मी बघते. बाईंना तो नको आहे. वकीलबाईंनी सुट्टीगृहाशी लिहून-बोलून असं ठरवलं आहे की मी असेपर्यंत फी भरावी आणि माझ्यानंतर हिस्सा त्यांच्याकडे परत जावा, मुलांवर काही येऊ नये. तसं पत्र सोबत जोडलं आहे. दोनदा तपासलं आहे. वारसांनी तिसऱ्यांदा तपासावं.

या सप्टेंबरात मी सहा वर्षांच्या खंडानंतर पंचवीस नंबरमध्ये राहिले. पेन्शन सुरू झाली तरी बाईंनी धुलाईचं काम सोडलेलं नाही. दुपारी त्या डबा घेऊन आल्या, दार वाजवलं आणि बाल्कनीत बसल्या. सातही दिवस आल्या. फार बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या की दाढेवर दाढ नीट बसत नाही, बघाल का. मी बघितलं. मागची एक दाढ काढून टाकावी लागेल, मी त्यांना दंतवैद्याचं नाव लिहून दिलं.

कलम १२. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं करायची जबाबदारी वकीलबाईंची. मुलांनी त्यांच्याशी वाद घालू नये, त्या ऐकून घेतात पण बदलत नाहीत.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने त्यावर साक्ष करू नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. मग असं कोण आहे ज्याला मी काही ठेवलेलं नाही? दीर आहेत. ते नकोत. समोरच्या इमारतीतले शिंपीकाका एक झाले, दुसरं कोणी आठवेना. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सुट्टी टाकून येते. पण वाचल्याशिवाय सही करणार नाही.” वकीलबाईंनी सांगितलं की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, तुमची सही पाहिली की झालं. बाई म्हणाल्या, मी वाचणार.

त्या आज सकाळी आल्या आणि स्वयंपाकघरात बसून सगळी पानं वाचली. दीड तास लागला. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. कलम ९ च्या शेवटी मी एक ओळ लिहिली होती, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“मी तुम्हाला माफ केलं असं यात लिहिलंय.”

मी म्हटलं, हो.

“मी असं कधी म्हणाले?”

मी आठवून पाहिलं. त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

“मग काढा,” त्या म्हणाल्या.

सबब कलम ९ मधील शेवटची ओळ मी माझ्या हाताने खोडली असून, खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. उरलेला मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

ठिकाण: माझं राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२३, दुपारी सव्वाबारा

लिहून ठेवणारीची सही: (सही)

साक्षीदार १: समोरच्या इमारतीतले शिंपीकाका. मावशींनी माझ्यादेखत सही केली. मजकूर वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार २: लाँचच्या तिकीट खिडकीवरची निवृत्त कर्मचारी. यांनी माझ्यादेखत सही केली. संपूर्ण मजकूर वाचला. लिहिलं आहे तसंच घडलं. (सही)